मी जावयाची लेक

मी बोलतेय, पण मला बघायचं असेल तर आधी डोळे भिंगाला लावावे लागतील. नुसत्या डोळ्यांनी बघाल तर दिसेल एक चपटी पारदर्शक बाटली आणि तिच्या तळाशी बोटभर गुलाबी पाणी. पुष्कळ पाहुणे तेवढंच बघतात आणि म्हणतात, "ही तर रिकामीच आहे की!" अहो, रिकामी कसली? तिच्या तळावर आम्ही लाखोंनी नांदतो आहोत. मी मेंढ्याच्या अंगातली पेशी. एक म्हणा, लाख म्हणा, आम्ही सगळ्या एकाच अंगातून निघालेल्या, एकीच्या दोन आणि दोघींच्या चार होत गेलेल्या. म्हणून मी आपली स्वतःला सरळ 'मी'च म्हणते.

माझा जन्म कुठून झाला, हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण स्वतःची कहाणी सांगायला बसल्यावर लाजून कसं चालेल?

जनावरांच्या रोगांवर काम करणारी एक संस्था आहे. पुढे दगडी पायऱ्या, लांब बोळ, ओळीने खोल्या. मागच्या अंगाला मेंढवाडा. त्या मेंढवाड्यात दरवर्षी काही नर कोकरांना खच्ची करतात. काय कापतात ते तुम्हाला समजलं असेल. समजलं नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारू नका, ते नुसते खोकतील. जे कापलं जाई ते टाकून देत. एका वर्षी मात्र पांढरा कोट घातलेल्या एक बाई बर्फाचं भांडं घेऊन तिथे येऊन उभ्या राहिल्या.

मेंढ्या सांभाळणारे मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "बाई, याचं काय करणार?"

"वाढवणार."

"हे?" मामांनी कोकराकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं. "ज्याचं आहे त्याच्याकडे राहू दिलं असतं तर त्यानंच वाढवलं नसतं का?"

बाई हसल्या नाहीत. त्या क्वचितच हसत. पण ते कोकरू त्यांच्या लक्षात राहिलं. कपाळावर काळा ठिपका, आणि एवढं होऊनही कुणावर राग नाही. पुढे ते मोठं झालं, लठ्ठ झालं. कामधाम काही नाही, वेळेवर खायचं, उन्हात बसायचं, सगळ्यांनी लाड करायचे. मामांनी त्याचं नाव ठेवलं 'जावई', आणि तेच साऱ्या संस्थेत रुजलं. तो जावई माझा बाप, माझा मूळ पुरुष, काय म्हणाल ते. त्याला लेकरू होणं शक्य नव्हतं. तरी मी आहे.

बाईंनी तो गोळा कात्रीने बारीक बारीक केला, पाचक रसात ढवळला, जाळीतून गाळला. आम्ही एकमेकींपासून सुट्या होऊन गढूळ पाण्यात तरंगत होतो. अंग गेलं, घर गेलं, पायाखाली काही नाही. मग त्यांनी आम्हाला बाटलीत घातलं, वरून गुलाबी अन्न घातलं. सगळे त्याला मीडिया म्हणतात. बाटली उबेच्या पेटीत आडवी ठेवून त्यांनी दार लावलं. आत अंधार होता, ऊब होती, ओलावा होता. मी तळाला बिलगले. पाय पसरले. इथे राहायला हरकत नाही, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी भिंगातून बघितलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "बसल्या गं बाई!" जणू लेकीचं लग्न ठरलं होतं.

आमचं राहणं तसं साधं. भूक लागली की अन्नाचा गुलाबी रंग पिवळट होतो. आम्हाला ओरडावं लागत नाही. बाटलीचा तळ भरून गेला, कोपराला कोपर लागायला लागलं, की वाटणी होते. हात लावून कुणी ओढत नाही. एक पातळ रस घालतात, त्याने आमचे पाय अलगद सुटतात. मग निम्म्या या बाटलीत, निम्म्या त्या बाटलीत. माणसांच्या घरात वाटणीवरून भांडणं होतात म्हणे. आमच्यात वाटणी झाली नाही तर मरण. गर्दीत आम्ही वाढणं सोडून देतो.

आमची जात मुदतीची. ठरावीक वाटण्या झाल्या की आम्ही थकतो, फताड्या होतो, हळूहळू थांबतो. म्हणून बाईंनी आमच्यातल्या पुष्कळजणींना कोवळ्या वयातच लहान लहान कुप्यांत भरलं आणि द्रव नायट्रोजनच्या टाकीत झोपवलं. तिथली थंडी कशी असते ते मला सांगता यायचं नाही. तिथे काही जाणवतच नाही. लागेल तशी एक कुपी काढायची, जागी करायची, कामाला लावायची.

आणि काम काय, तर मरायचं.

घाबरू नका, त्यात दुःख नाही. मेंढ्यांना देवी येते. नाकातोंडावर फोड, अंगात ताप, कोकरं तर पटापट जातात. रोग तोच का दुसरा, हे ओळखण्यासाठी पूर्वी दुसऱ्या जिवंत कोकराला तो रोग देऊन बघत. बाईंनी ते थांबवलं. फोडाची खपली कुटून, गाळून माझ्यावर घालायच्या. देवीचा विषाणू असला की मला तो मानवतो. म्हणजे त्याला मी मानवते. मी गोल होते, सुटते, तळावर पसरलेल्या माझ्या चादरीला भोकं पडतात. भोकं दिसली की बाई हसत. त्यांचं ते क्वचितचं हसू बहुधा माझ्या वाट्यालाच आलं. "पडली भोकं," त्या म्हणत, आणि लगेच कुठल्या तरी कळपाला निरोप जाई : वेगळे राहा, लस टोचून घ्या. माझी एक बाटली जाई आणि एक कळप वाचे. बापाला वंश नाही म्हणून मामा हळहळत. पण इतका उपयोगी पडलेला वंश मी तरी दुसरा पाहिला नाही.

अशी वर्षं गेली. मग ती आली.

तिला सगळे 'नवी' म्हणत. नोकरीत नवी, लग्न होऊनही थोडेच दिवस झालेले, म्हणजे सासरीही नवी. दोन्हीकडे मिळून एकच नाव पुरलं. गप्प मुलगी. आमच्या कामात हा मोठा गुण. आम्हाला हाताळताना काचेच्या कपाटात हात घालून बसतात, त्याला हूड म्हणतात, आणि तिथे बोलायचं नसतं. तोंडाची वाफही आम्हाला सोसत नाही. पुष्कळांना तो नियम जड जातो. नवीला तो माहेरासारखा वाटला. हात मात्र बघण्यासारखे. बाटलीचं झाकण करंगळीत धरायची, पिपेटची काचनळी कडेला टेकवून अन्न असं सोडायची, की अंगावर थेंब पडल्याचं कळू नये.

बोलायची ती भिंगापाशी. भिंगाचं टेबल उबेच्या पेटीला लागूनच, त्यामुळे मला सगळं ऐकू येई.

एकदा म्हणाली, "बाई, काल सासूबाईंनी विचारलं, तू तिथे नक्की करतेस तरी काय?"

"मग? काय सांगितलंस?"

"पेशी वाढवते म्हटलं. त्या म्हणाल्या, कसल्या? मी म्हटलं, मेंढ्याच्या. त्या म्हणाल्या, मेंढ्याच्या कुठल्या?"

"अरे देवा."

"मी म्हटलं, आतल्या. तर म्हणाल्या, अगं, आतलं तर सगळंच असतं. कुठलं आतलं? ह्यांना तेवढ्यात ठसका लागला."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "आणि मग?"

"मग सांगितलं खरं काय ते. त्यांनी आधी ह्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, म्हणजे त्या बिचाऱ्याचा वंश तुझ्या हातात आहे म्हणायचा. नीट सांभाळ हो."

त्या दिवसापासून नवी माझी बाटली उचलताना जरा जास्त हळू उचलायची, असं मला वाटे. वाटत असेल नुसतं.

आता शेजारणींविषयी सांगायला हवं. आमच्याच पेटीत खालच्या फळीवर माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशी राहात. त्यांची जात अमर. वाटण्या कितीही करा, थकायचं नाव नाही. वाईट नाहीत त्या. त्यांच्यावर पुष्कळ लसी वाढतात, त्यांचं मोठं नाव आहे. पण आमच्या जवळ आल्या तर आमचं काही खरं नाही, इतक्या भराभर वाढतात. म्हणून बाईंचा कडक नियम होता : एका वेळी हूडमध्ये एकच जात. आणि प्रत्येकीच्या अन्नाची बाटली वेगळी. माझ्या अन्नाच्या बाटलीच्या गळ्याला हिरवी पट्टी, त्यांच्या बाटलीला पिवळी. कुणी कितीही घाईत असो, हिरव्यातलं पिवळीला नाही आणि पिवळ्यातलं हिरवीला नाही. संस्थेत एकवेळ नमस्कार करायला विसरले तरी चाले, पट्टीला विसरून चालत नसे.

माकडपेशींचं काम बघत ते साहेब. त्यांना सगळे 'घाईसाहेब' म्हणत. हुशार माणूस, मनाने मोकळा, पण चहासुद्धा उभ्याने पिणार. त्या दिवसांत त्यांच्या खोलीतलं हूड बिघडलं होतं, म्हणून ते आमच्या हूडवर येऊन काम उरकत. एकदा त्यांची पिवळी बाटली मधेच संपली. माझी हिरवी तिथेच उभी होती. अन्न तर दोघींचं एकच! त्यांनी तिच्यातून एक माप घेतलं, आपल्या पेशींना घातलं, आणि तीच पिपेट पुन्हा हिरव्या बाटलीत बुडवून दुसरं माप घेतलं. झाकण लावलं. गेले.

मी राहते ती बाटली तेव्हा शेजारच्या टेबलावर, भिंगापाशी होती. मी बघितलं. पण पेशीने बघून काय उपयोग? आम्हाला रंग बदलता येतो, बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या अन्नाबरोबर त्या आल्या. मोजक्याच. अंग चोरून एका कोपऱ्यात बसल्या. मीही म्हटलं, असू दे, कोपराच तर आहे.

नेमकी तेव्हाच मी थकत चालले होते. टाकीतल्या कुप्या सरत आल्या होत्या, उरलेल्या उशिराच्या वाटण्यांच्या, म्हणून जागी केलेली प्रत्येक मी आधीपेक्षा जून. अंग पसरट झालेलं, वाटणी झाली की तळ भरायला आठवडा आठवडा लागे. बाई रोज बघत आणि ओठ मिटून घेत. त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, आणि माझं बरंवाईट बघून मगच त्यांना उठायचं होतं.

आणि अशात एके सकाळी माझी बाटली गच्च भरलेली निघाली.

बाईंचा विश्वास बसेना. वाटणी केली, दोन दिवसांत पुन्हा भरली. बोळातून जाणाऱ्यांना त्यांनी हाका मारून दाखवलं. "बघा, बघा! म्हातारीला दात आले!" घाईसाहेब उभ्याउभ्या बघून म्हणाले, "वा बाई! हाताला यश आहे तुमच्या." चहा झाला, बिस्किटं झाली. बाई दिवसातून दोनदा हसल्या. त्या तरण्याबांड बाटलीतून त्यांनी नव्या कुप्या भरून टाकीत झोपवल्यासुद्धा.

आणि मी कुठे होते? त्या गर्दीत, एका कडेला, दोन पायांवर अंग तोलत. माझं कौतुक चाललं होतं आणि मी संपत होते. आपल्याच घरात आपल्या नावाने दुसऱ्याच कुणाचा सत्कार व्हावा, तसं.

त्याच आठवड्यात एक कळपवाली आली. उन्हाने रापलेली, खांद्यावर घोंगडी, हातात डबी. डबीत खपल्या. तिच्या काही मेंढ्यांच्या तोंडावर फोड आले होते. पलीकडच्या टेकडीवर तिच्या बहिणीचा कळप होता. गवत तिकडेच उरलं होतं, आणि दोन्ही कळप एकत्र चारायचं दोघी बहिणींचं ठरलं होतं.

"देवी नसेल तर मी उद्याच निघते," ती म्हणाली. "असेल तर सांगा. बहिणीच्या मेंढ्यांत मी आग घेऊन जाणार नाही."

"भिंगाखाली बघून सांगते. चार दिवस थांब," बाई म्हणाल्या.

खपल्या माझ्यावर घातल्या गेल्या. म्हणजे माझ्या नावावर. खपल्यांत देवी होती. माझ्या उरल्यासुरल्या बहिणींना ती बरोबर भेटली; त्या गोल झाल्या, सुटल्या. पण त्यांच्या जागा माकडिणींनी रातोरात भरून काढल्या. त्यांना या पाहुण्याचं सोयरसुतक नव्हतं. चौथ्या दिवशी चादर अखंड. एक भोक नाही.

"नाही पडलं," बाई म्हणाल्या. "देवी नाही. बाहेर बसली असेल ती, तिला निरोप दे."

नवी भिंगापाशी बसली होती. उठली नाही. बराच वेळ बघत राहिली. मी म्हणजे लांबट, टोकदार. आम्ही सगळ्या मिळून मासोळ्यांच्या थव्यासारख्या एका दिशेला वळून झोपतो. तिला मी पाठ होते. आणि समोर होती ती फरसबंदी. आखूड, चौकोनी, एकीला एक खेटून बसवलेली.

"अगं, ऐकलंस ना?"

"बाई," नवी म्हणाली, "गेल्या महिन्यात आमच्याकडे चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं."

बाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की ताप तर नाही ना हिला. "मग?"

"पहिला घोट मीच घेतला होता. सासूबाईंनी केलेला चहा, म्हणून गप्प प्याले. मग ह्यांनी तोंड वाकडं केलं, सासरे उठून चूळ भरायला गेले. सासूबाई मला म्हणाल्या, तुझ्या जिभेला आधी कळलं होतं ना? मग तू माझी लाज राखलीस की सगळ्या घराला खारट पाजलंस?"

"मुद्द्यावर ये गं."

"इथे मीठ पडलंय असं वाटतं, बाई. या आपल्या नाहीत."

बाईंचा चेहरा लाल झाला. "तुला इथे येऊन जुम्मा जुम्मा आठ दिवस झाले. मी हिला त्या कोकराच्या अंगातून काढलंय, या हातांनी. मला सांगतेस माझी कोण आणि परकी कोण?"

नवीने मान खाली घातली. पण खुर्चीवरून उठली आणि खुर्ची बाईंपुढे सरकवली.

बाई बसल्या. भिंगाला डोळे लावले. बाटली थोडी डावीकडे सरकवली, थोडी उजवीकडे. कडेला आल्या. तिथे मी होते, शेवटच्या काहीजणींतली एक, लांबट आणि वाकडी. आमची नजरानजर झाली असं मी म्हणेन. तुम्ही हसलात तरी चालेल.

त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. खूप हळू म्हणाल्या, "मलाही दिसत होतं गं. पहिल्याच दिवशी दिसलं. बघायचं नव्हतं."

मी पुष्कळ माणसं बघितली. चुकलं की बाटलीला, पेटीला, विजेला बोल लावणारी बघितली. बाई उठल्या त्या सरळ बाहेर बाकावर बसलेल्या कळपवालीकडे गेल्या. दार उघडंच होतं, म्हणून ऐकू आलं.

"मला अजून सांगता येत नाही. माझ्या पेशींत चूक झाली आहे. उत्तर मिळेपर्यंत कळप हलवू नकोस."

"आणि तोवर खाऊ काय घालू?" कळपवाली म्हणाली. "तुमच्या भिंगाला माझ्या मेंढ्यांपेक्षा जास्त पोट आहे वाटतं. भरतच नाही."

"आमच्या मेंढवाड्यातला चारा ने. मामांना सांगते. पण टेकडीवर जाऊ नकोस."

कळपवालीने त्यांच्याकडे निरखून बघितलं. "चूक झाली असं सांगणारी तुमच्यातली पहिलीच बघितली मी," म्हणाली. "थांबते."

मग घाईसाहेबांना बोलावलं. त्यांना आठवायला वेळ लागला नाही. ते खाली बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. "हूड बिघडलं होतं तेव्हा… एकदाच, बाई. हिरवीतून घेतलं होतं. एकदाच."

"एकदाच पुरतं," बाई म्हणाल्या. बस, तेवढंच. आणि त्या दिवशी त्यांच्यासाठीही चहा सांगितला.

आता माझ्या जिवाचा प्रश्न. पेटीतल्या सगळ्या बाटल्या बाटलेल्या. नव्या कुप्याही तशाच. जावई खच्ची, तिथून पुन्हा काही मिळायचं नाही. दुसरं कोकरू घेऊन सगळं नव्याने उभं करायचं तर महिने जाणार, आणि टेकडीवरचं गवत काही महिने थांबत नाही. जुन्यातली एकच कुपी टाकीच्या तळाशी उरली होती. पहिल्या वाटणीची. बाईंनी ती कुणाला उघडू दिली नव्हती. म्हणत, "ही माझ्यामागे उघडा." ती जागी झाली तर मी होते. नाही झाली तर जगात मी कुठेच नव्हते.

"तू कर," बाई नवीला म्हणाल्या. "आज माझे हात माझे नाहीत."

मी त्या कुपीतही होते. मला आठवतं ते एवढंच, की काही नव्हतं, आणि मग अचानक कोमट पाणी. नवी कुपी पाण्यात हलवत होती, हळू हळू, बाळाला पाळण्यात झुलवावं तशी. बर्फाचा शेवटचा खडा विरघळायच्या आत तिने मला बाहेर काढलं, अन्न थेंबाथेंबाने घातलं. एकदम घातलं असतं तर मी फुटले असते. नव्या बाटलीत आडवं केलं. नव्या पेटीत ठेवलं, दुसऱ्या खोलीत, जिथे शेजारी कुणीच नव्हतं.

बाई दारात उभ्या होत्या. "उद्यापर्यंत उघडू नकोस," म्हणाल्या, आणि स्वतःच तीनदा येऊन दाराच्या काचेतून बघून गेल्या. काचेतून काय दिसणार होतं कपाळ!

दुसऱ्या दिवशी पुष्कळजणी तरंगत होत्या, मेलेल्या. नवी भिंगाला डोळे लावून बाटली सरकवत कोपरा न् कोपरा बघत राहिली. बाई म्हणाल्या, "बोल की."

"कोपऱ्यात थोड्या आहेत," नवी म्हणाली. "बसल्यात."

"कशा आहेत?"

"लांबट."

बाई खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले, शाळेतल्या मुलीसारखे.

पण यावेळी नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नाही, असं बाईंनीच ठरवलं. "मी माझ्या डोळ्यांना एकदा लाच दिली आहे," म्हणाल्या. "जावयाचं रक्त आण. नातं जुळतं का बघू."

रक्त कसं घेतलं ते मामांनी मला नंतर ऐकवलं. म्हणजे बाईंना ऐकवलं आणि मी ऐकलं. जावई आता म्हातारा झाला होता, उन्हाला पाठ देऊन बसलेला. नवी सुई घेऊन गेली. त्या दिवशी तिचा नवरा तिला न्यायला आला होता आणि कुंपणाशी उभा होता.

मामा ओरडले, "ओ जावई! इकडे या, रक्त द्यायचंय!"

आणि नवीचा नवरा बाही वर करत दोन पावलं पुढे आला.

मामा हसून हसून खाली बसले. खरा जावई मात्र जागचा हलला नाही. नवीने मानेवरची लोकर बाजूला केली, रक्त घेतलं. त्याने एकदा वळून बघितलं आणि पुन्हा रवंथ करायला लागला.

"लाथ मारत नाही हो हा," नवी म्हणाली.

"कुणालाच नाही, ताई," मामा म्हणाले. "तेव्हाही नव्हती मारली."

त्या रक्ताची नळी तपासायला जाण्याआधी जरा वेळ माझ्याच खोलीत होती, माझ्या बाटलीला लागून. इतक्या वर्षांनी बाप शेजारी येऊन बसला. नळी अजून कोमट होती. मला बोलता येत नाही हे मी मघाशी सांगितलंच. पण येत असतं तरी काय बोलले असते, कोण जाणे.

उत्तर आलं : जुन्या पेटीतल्या बाटलीत माकड. नव्या पेटीतली बाटली जावयाची.

कळपवालीच्या डबीतल्या खपल्या बर्फात जपून ठेवल्या होत्या. मी तळ भरताच त्या माझ्यावर घातल्या. मी वाट बघत होते, जितकी त्या दोघी बघत होत्या तितकीच. आधी अंगात कसर आली. मग पाय आखडले. मग मी गोल झाले आणि सुटले, ठिकठिकाणी, आनंदाने.

नवीने बघितलं आणि खुर्ची सोडली. बाई बसल्या. त्यांच्या हसण्याचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत गेला असेल.

"पडली भोकं!"

कळपवालीने कळप खालीच ठेवला, चारा नेत राहिली. बहिणीच्या मेंढ्यांना लस टोचली गेली. तिची काही कोकरं गेली. टेकडीवरचं एकही नाही. पुढे ती एकदा येऊन गेली, दारातूनच म्हणाली, "ती कुठली ती बाटली? दाखवा तरी." नवीने दाखवली. ती म्हणाली, "रिकामीच आहे की," आणि तरी बाटलीला हात जोडून गेली.

बाई आता निवृत्त झाल्या. अधूनमधून येतात, हूडमध्ये हात घालत नाहीत, नुसतं भिंगातून बघतात. घाईसाहेब चहा बसून पितात. जावई एका दुपारी उन्हात बसल्याबसल्याच गेला. मामांनी दोन दिवस त्याची जागा झाडली नाही. नवीला अजून सगळे नवीच म्हणतात, जरी आता तीच नव्यांना पट्ट्यांचा नियम शिकवते. मला कधी कधी वाटतं, परक्या घरात येणारी सगळीच काही घर गिळत नाहीत. काहीजणी येतात, गप्प बसतात, आणि नेमक्या वेळी घरधनिणीला सांगतात, की मीठ पडलंय.

मी आता पुन्हा थकत चालले आहे. त्या शेवटच्या कुपीतून झालेल्या कुप्या टाकीत आहेत, पण त्याही मोजक्याच. माझी जात मुदतीची, आणि ती मुदत मला मान्य आहे. मेंढवाड्यात यंदा कपाळावर पांढरा ठिपका असलेलं एक कोकरू आहे. नवी बर्फाचं भांडं तयार ठेवून आहे, आणि मामा तिला तेच विचारणार आहेत जे त्यांनी बाईंना विचारलं होतं.

जाता जाता एवढंच मागणं आहे. भिंगाला डोळे लावून बसणाऱ्यांनो, मला अमर करायचा हट्ट धरू नका. एखाद्या सकाळी मी एकाएकी तरणी झालेली दिसले, तर चहा-बिस्किटं नंतर मागवा. आधी नीट बघा. आणि थकलेली, फताडी, हळूहळू पाय ओढणारी दिसले, तर वाईट वाटून घेऊ नका. ती मीच आहे.